संडरलंड कसं बघायचं: कोळसा, जहाजं आणि काचेचं शहर दोन दिवसांत

न्यूकॅसलला येणाऱ्यांना मी संडरलंडलाही एक चक्कर मारा म्हटलं की ठरलेला प्रश्न येतो, तिथे बघायला आहे काय? प्रश्न रास्त आहे. स्टेशनातून बाहेर आलात की समोर साधा हाय स्ट्रीट, कॉफीच्या चेन, मोबाईल कव्हरवाले, मधेच एखादं बंद दुकान, आणि माणूस अर्धा तास फिरून परत मेट्रोत बसतो आणि घरी जाऊन सांगतो की काही नाहीये तिथे. पण हे शहर बघायची ती पद्धतच नाही. संडरलंडला नदीने वाढवलं, त्यामुळे सुरुवात नदीपासून करायची आणि चालत चालत समुद्रापर्यंत जायचं, आणि चालताना आपण उभे आहोत तिथे आधी काय होतं हे डोक्यात असलं पाहिजे, कारण जे होतं ते जवळजवळ सगळं पाडून टाकलंय. ते माहिती नसेल तर नुसतं गवत, फ्लॅट आणि युनिव्हर्सिटीच्या इमारती दिसतात, आणि माहिती असेल तर तोच रस्ता चालताना अंगावर काटा येतो, खरंच.

दोन दिवस असतील तर उत्तम. एकच असेल तर खाली पहिल्या दिवसाचं जे लिहिलंय तेवढंच करा, पण निवांत करा.

आधी थोडी ओळख करून देतो. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर विअर नदी नॉर्थ सीला मिळते तिथे हे शहर आहे, वस्ती पावणेतीन लाखांच्या आसपास. नदीच्या स्पेलिंगवर जाऊ नका, उच्चार विअर असाच करतात, वेअर म्हणालात की बाहेरचे आहात ते लगेच कळतं. मुळात इथे तीन वेगळी गावं होती, नदीच्या उत्तरेला मंकविअरमथ, दक्षिणेला बिशपविअरमथ आणि मुखाजवळ छोटंसं संडरलंड, आणि गंमत बघा, सगळ्यात छोट्याचंच नाव पुढे तिघांना मिळून लागलं. जहाज बांधल्याची इथली पहिली नोंद १३४६ची आहे आणि उरलेले यार्ड बंद करायचं सरकारने जाहीर केलं डिसेंबर १९८८मध्ये. म्हणजे सहाशे वर्षांच्या वर हे काम चाललं. सिटीचा दर्जा मिळाला १९९२ला, आणि पुढच्याच वर्षी शेवटची कोळशाची खाणही बंद झाली. दर्जा आला तेव्हा ज्या कामांवर शहर उभं राहिलं ती कामं संपत आली होती, हे मला नेहमी फार लागतं.

यायचं कसं

न्यूकॅसलहून मेट्रो घ्या, अर्ध्या तासाच्या आसपास लागतो. ग्रीन लाईन न्यूकॅसल एअरपोर्टपासून थेट संडरलंडमधून पुढे साऊथ हिल्टनपर्यंत जाते, त्यामुळे विमानाने आलात तर गाडी बदलायचीसुद्धा गरज नाही. ही मेट्रो संडरलंडला आली २००२मध्ये. लंडनच्या किंग्ज क्रॉसहून थेट ट्रेनसुद्धा आहेत, ग्रँड सेंट्रलच्या, दिवसाला मोजक्याच असतात आणि साडेतीन-चार तास लागतात, तिकीट आधी काढलं तर बरंच स्वस्त पडतं. मेट्रोचं सिंगल तिकीट काढू नका, डे तिकीट घ्या कारण दिवसभरात तीन-चार वेळा तरी चढ-उतार होणार.

आणि एक गोष्ट तिकीट काढायच्या आधी बघा, त्या दिवशी फुटबॉलची मॅच आहे का. असेल तर दुपारच्या मेट्रोत पाय ठेवायला जागा नसते. तुम्हाला मॅचच बघायची असेल तर प्रश्नच नाही, पण नसेल तर दिवस बदला.

पहिला दिवस: स्टेडियमपासून समुद्रापर्यंत पायी

शहराच्या मेन स्टेशनला उतरायचं नाही, त्याच्या आधी स्टेडियम ऑफ लाईट नावाचं स्टेशन आहे तिथे उतरायचं. फुटबॉलमध्ये काडीचा रस नसला तरी इथूनच सुरू करा. हे जवळपास ४९,००० लोकांचं स्टेडियम १९९७ला उघडलं आणि ते उभं आहे विअरमथ कोलियरीच्या जागेवर. ही साधी खाण नव्हती. खोदायला सुरुवात झाली १८२६मध्ये, कोळसा लागायला १८३५ उजाडलं, त्या काळातल्या जगातल्या सगळ्यात खोल खाणींमध्ये तिचं नाव होतं आणि पुढे तिचे बोगदे समुद्राच्या तळाखाली दूरपर्यंत गेले. डिसेंबर १९९३मध्ये बंद झाली. म्हणजे शनिवारी जिथे लोक गोल झाला म्हणून ओरडतात त्याच्या खाली खोल सगळ्या त्या जुन्या वाटा आहेत.

स्टेडियमच्या बाहेर एक मोठ्ठा दिवा उभा केलाय, खाणकामगारांच्या सेफ्टी लॅम्पच्या आकाराचा. लोक त्याच्यासमोर सेल्फी काढतात आणि जातात. तुम्ही पाच मिनिटं थांबा, कारण या दिव्याची गोष्ट याच गावात सुरू झालेली आहे. खाणीत मिथेन साठायचा आणि उघड्या ज्योतीने स्फोट व्हायचे. १८१२ला जवळच्याच फेलिंगच्या खाणीत असा स्फोट होऊन ९२ जण गेले, त्यात लहान मुलंही होती. संडरलंडमध्ये प्रॅक्टिस करणारे विल्यम रीड क्लॅनी नावाचे डॉक्टर होते, मूळचे आयर्लंडचे, ते आधीपासून यावर डोकं लावत होते आणि १८१३मध्ये त्यांनी आपल्या दिव्याचा पेपर रॉयल सोसायटीपुढे मांडला. त्यांच्या दिव्यात हवा भात्याने आत ढकलायची आणि ती पाण्यातून जायची, म्हणजे बाहेरचा गॅस पेटला तरी ज्योत उलटी बाहेर येणार नाही. कल्पना बरोबर होती, पण दिवा जड आणि सतत कोणीतरी भाता मारत बसायचं, खाणीत ते जमणार कसं. त्याच सुमाराला संडरलंडमध्ये खाणीतले अपघात थांबवण्यासाठी एक सोसायटी निघाली होती, तिने हम्फ्री डेव्हीला गळ घातली आणि १८१५मध्ये डेव्हीचा बारीक जाळीचा दिवा आला. नाव डेव्हीचं झालं. पण त्याला बोलावणारे लोक इथले होते आणि पहिला दिवा करून बघणारा डॉक्टरही इथलाच. स्टेडियमच्या नावातला लाईट तो हा.

आता नदीकडे चाला. पुलापाशी आलात की दोन पूल शेजारी शेजारी दिसतात, हिरवा कमानीचा रस्त्याचा पूल १९२९चा आणि रेल्वेचा १८७९चा, त्यावरूनच मेट्रो जाते. याच जागी १७९६मध्ये लोखंडी पूल बांधला होता, तेव्हा लोखंडाचे पूल म्हणजे अगदी नवीन प्रकार आणि हा इतका लांब की लांबून लोक बघायला यायचे. इथल्या कुंभारांनी गुलाबी चकाकीच्या मगवर आणि वाडग्यांवर त्या पुलाचं चित्र छापून विकलं. ही भांडी उद्या म्युझियममध्ये बघायचीयेत, लक्षात ठेवा.

पुलाच्या मधोमध जाऊन दोन्हीकडे बघा. दोन्ही काठांवर जहाजांचे यार्ड होते, आणि नदी इतकी अरुंद की जहाज पाण्यात सोडताना समोरच्या काठाचाही विचार करावा लागायचा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने जेवढी मालवाहू जहाजं बांधली त्यातला पाव हिस्सा या एका नदीचा धरतात. अमेरिकेने हजारोंनी बांधलेल्या लिबर्टी शिप्सचं मूळ डिझाईनसुद्धा इथल्या थॉम्पसन यार्डच्या जहाजावरून गेलेलं. आणि ते सगळं जुनं झालं तेव्हा लिबर्टी शिपच्या जागी घेता येईल असं साधं स्वस्त दणकट एसडी-१४ नावाचं जहाज इथल्याच ऑस्टिन अँड पिकर्सगिलने काढलं, पहिलं १९६८ला, आणि पुढे लायसन्स घेऊन दुसऱ्या देशांतही ते बांधलं गेलं, सगळी मिळून दोनशेच्या वर. हे सगळं आता कुठे आहे विचाराल तर एक क्रेनसुद्धा ठेवली नाही. निदान एक तरी ठेवायला हवी होती असं मला वाटतं. इथे बांधलेलं १८६४चं सिटी ऑफ अॅडलेड नावाचं शिडाचं क्लिपर जहाज अजून शाबूत आहे, पण ते बघायला ऑस्ट्रेलियात जावं लागतं, २०१४पासून ते अॅडलेडच्या बंदरात आहे.

पुलावरून परत उत्तरेच्या काठाला या आणि दहा मिनिटं चालून सेंट पीटर्स चर्चला जा. लांबून चर्च काही विशेष वाटत नाही पण पश्चिमेकडच्या टॉवरखाली जाऊन उभे राहा. तो दरवाजा आणि ती भिंत सातव्या शतकातली आहे. बेनेडिक्ट बिस्कप नावाच्या माणसाने ६७४मध्ये हा मठ काढला, आणि दगडी चर्च बांधायला आणि खिडक्यांना काच लावायला इथे माणसं नव्हती म्हणून त्याने गॉलहून, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागातून, कारागीर आणले. त्या काळात इंग्लंडमध्ये खिडकीला काच ही फार दुर्मिळ गोष्ट होती. संडरलंड आणि काच हे नातं इथे सुरू होतं. पोर्चच्या कमानीच्या आतल्या बाजूला खाली वाकून बघा, दगडात दोन लांब प्राणी कोरलेत, सापासारखे, एकमेकांत अंग गुंतवलेले आणि चोचीत चोच अडकवलेली. झिजलेत, पण उजेड तिरका पडला की नीट दिसतात, त्यामुळे शक्यतो सकाळी किंवा दुपार कलल्यावर बघा. साडेतेराशे वर्षं समुद्राचा वारा खाऊन ते दोघं तिथे आहेत.

सात वर्षांचा असताना बीड नावाचा मुलगा याच मठात आणून सोडला होता. पुढे तो जवळच्या जॅरोच्या मठात गेला आणि ७३१मध्ये त्याने इंग्लंडच्या चर्चचा इतिहास लिहून पूर्ण केला, त्या काळाबद्दल आज जे माहिती आहे त्यातलं बरंचसं त्याच्यामुळे. या दोन मठांत मिळून बायबलच्या तीन अवाढव्य प्रती लिहिल्या गेल्या, त्यातली एक पोपला भेट द्यायला म्हणून ७१६मध्ये निघाली, ती आज फ्लॉरेन्सच्या लायब्ररीत आहे, वजन ३४ किलोच्या आसपास, लॅटिन बायबलची पूर्ण टिकलेली सगळ्यात जुनी प्रत. चर्च सुरू असेल तर आत जा, तिथले व्हॉलंटियर मनापासून माहिती सांगतात.

चर्चच्या खाली नदीकाठी नॅशनल ग्लास सेंटरची इमारत आहे, १९९८ची, छप्परही काचेचं, ज्यावर चालता यायचं. जुन्या सगळ्या गाईडमध्ये आधी इथेच पाठवतात. पण दुरुस्तीचा खर्च फार येतोय म्हणून युनिव्हर्सिटीने ती इमारत बंद करायचं ठरवलंय, त्यामुळे जायच्या आधी वेबसाईट बघा आणि काच फुंकण्याचा डेमो आता कुठे होतो का ते शोधा. बघायला मिळाला तर सोडू नका. भट्टीतून काढलेला मधासारखा चिकट लालबुंद गोळा नळीच्या टोकावर फिरत असतो आणि कारागीर क्षणभरही हात थांबवत नाही, कारण थांबला की गोळा एका बाजूला ओघळतो.

इथून पुढे नदीकाठचा रस्ता थेट समुद्राकडे जातो आणि वाटेत शिल्पं लागतात, नव्वदच्या दशकात कॉलिन विल्बर्न या शिल्पकाराने स्थानिक लोकांबरोबर केलेली. त्यातली दोन चुकवू नका. एक स्टीलचं झाड आहे, नीट बघा त्याची सावली जमिनीवर झाडाची नाही पाडलेली, क्रेनची आहे, यार्डमध्ये असायच्या तसल्या क्रेनची. दुसरं म्हणजे लाल दगडात कोरलेलं पडकं घर, छप्पर नसलेलं, आत टेबल, कपडे, सामान सगळं दगडाचं. मुलं त्यात चढतात बसतात, कोणी काही म्हणत नाही.

चर्चपासून रोकर मरिनापर्यंत पाऊण तास धरा. मरिना म्हणजे जुना नॉर्थ डॉक. तिथेच जवळ सायकलवाले दिसतील, चिखलाने माखलेले आणि फार खुश, कारण आयरिश समुद्रापासून निघून इंग्लंड आडवं पार करणारा सी-टू-सी सायकल रूट इथे संपतो, साधारण २२५ किलोमीटर. सुरुवातीला मागचं चाक तिकडच्या समुद्रात बुडवायचं आणि शेवटी पुढचं चाक इथे, अशी पद्धत आहे. बघायला मजा येते.

आणि मग रोकर पिअर, म्हणजे समुद्रात शिरलेला लांब धक्का. माझ्या मते अख्ख्या शहरातली सगळ्यात देखणी गोष्ट. कामाला १८८५ला सुरुवात झाली आणि १९०३ला पूर्ण झालं, लांबी सहाशे मीटरच्या वर, सरळ नाहीये, सावकाश वळत समुद्रात जातो आणि टोकाला लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं लाईटहाऊस. ते पट्टे रंगवलेले नाहीत बरं का, दोन रंगांचा ग्रॅनाईट आहे, जवळ जाऊन हात लावून बघा. पिअरच्या पोटातून एक बोगदा जातो, खवळलेल्या समुद्रात वरून चालणं शक्य नसायचं तेव्हा लाईटहाऊसची माणसं त्यातून जायची. स्थानिक हेरिटेज ग्रुप त्या बोगद्यातून टूर काढतो, जागा थोड्या असतात म्हणून महिनाभर आधी बुकिंग बघा. आणि वारा सुटलेला असेल, गेट बंद असेल, तर गेट ओलांडून जायचं नाही. भिंतीवरून येणारी लाट लांबून छान दिसते पण माणसाला खेचून न्यायला तिला वेळ लागत नाही.

रोकरचा बीच आणि त्याला लागून सीबर्नचा बीच, दोन्ही वाळूचे, स्वच्छ आणि लांबलचक. पोहायचा विचार असेल तर ऐन उन्हाळ्यातही पाणी चांगलंच गार असतं हे लक्षात ठेवा. कारखान्यांची आणि काड्यापेटीतल्या काड्यांसारख्या माणसांची चित्रं काढणारे लाउरी साठच्या दशकापासून सीबर्नच्या हॉटेलात येऊन राहायचे, आणि इथे त्यांनी रिकाम्या समुद्राची चित्रं काढली, नुसतं करडं पाणी आणि करडं आभाळ. भरतीच्या वेळी ढगाळ संध्याकाळी त्या कठड्याशी उभं राहिलं की ती चित्रं कळतात.

पाय अजून चालत असतील तर रोकरमधलं सेंट अँड्र्यूज चर्च बघा. १९०७चं आहे, एका जहाजवाल्याने, जॉन प्रीस्टमनने, आईच्या आठवणीत पैसे दिले, आणि आत शिरून वर बघितलं की छताच्या त्या भल्यामोठ्या दगडी कमानी म्हणजे उलटं ठेवलेलं जहाजच वाटतं. आत चित्रकार बर्न-जोन्सचं डिझाईन असलेली टेपेस्ट्री, म्हणजे विणलेलं चित्र, आणि मॉरिसच्या कंपनीचा गालिचा आहे. रोज उघडं असेलच असं नाही, आधी विचारा.

परतीला सीबर्न स्टेशनवरून मेट्रो मिळते, बीचपासून पंधरा-वीस मिनिटं आत चालावं लागतं.

खायचं काय

बीचवर फिश अँड चिप्स आहेतच, पण जे गाय खात नाहीत किंवा शाकाहारी आहेत त्यांनी ऑर्डर द्यायच्या आधी एक प्रश्न विचारायचाच, तळायला काय वापरता. या भागात बऱ्याच दुकानांत बीफ ड्रिपिंगमध्ये, म्हणजे गाईच्या चरबीत तळतात, नुसत्या चिप्ससुद्धा. व्हेजिटेबल ऑईलवालीही दुकानं आहेत, विचारलं की सरळ सांगतात, कोणी वाईट वाटून घेत नाही.

इथला खास ब्रेड म्हणजे स्टॉटी, चपटा, गोल, चावायला थोडा चिवट. त्यात हॅम आणि पीज पुडिंग घालून खातात. पीज पुडिंग नावाला पुडिंग, प्रत्यक्षात पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचं घट्ट वरण समजा, चमच्याला चिकटून राहील इतकं घट्ट. पण ते कधी कधी हॅमच्या पाण्यात शिजवतात तेव्हा इथेही विचारा. शाकाहारींसाठी चीज सेव्हरी, किसलेलं चीज, कांदा, गाजर आणि मेयो, स्टॉटीत भरून, पोटभर होतं. गोडात पिंक स्लाईस, दोन बिस्किटांमध्ये जॅम आणि वर गुलाबी आयसिंग, शहरातल्या बेकऱ्यांमध्ये मिळतो. फार गोड असतो, एक दोघांत घ्या.

बोलताना

इथल्या लोकांना मॅकम म्हणतात, जॉर्डी नाही. जॉर्डी म्हणजे न्यूकॅसलवाले. तुम्हाला दोन्ही उच्चार सारखेच वाटतील, मलाही पहिले सहा महिने फरक कळत नव्हता, पण संडरलंडच्या माणसाला जॉर्डी म्हणू नका, मनाला लागतं. मॅकम शब्द यार्डवरूनच आला असं सांगतात, इथले लोक जहाजं बनवायचे म्हणजे मेक देम, इथल्या उच्चारात मॅक देम, आणि दुसरे ती घेऊन जायचे. दुकानात पेट म्हणून हाक मारली तर ते प्रेमाने असतं. आणि गप्पा सुरू करायच्या असतील तर १९७३च्या एफए कपची फुटबॉल फायनल काढा. तेव्हा सेकंड डिव्हिजनमध्ये, म्हणजे खालच्या लीगमध्ये असलेल्या संडरलंडने वेम्बलीवर लीड्सला १-० हरवलं होतं आणि गोलकीपर माँटगोमरीने एका पाठोपाठ एक दोन शॉट अडवले होते, ते अडवणं आजही हातवारे करून दाखवणारे लोक भेटतील. २०२५ला टीम परत प्रीमियर लीगमध्ये आली तेव्हा शहरात जे वातावरण होतं ते मी विसरणार नाही.

दुसरा दिवस: शहर, आणि मग एक काहीतरी निवडा

सकाळी संडरलंडच्या मेन स्टेशनला उतरून मोब्रे पार्क आणि त्याला लागून असलेलं म्युझियम. म्युझियम फ्री आहे, दोन तास ठेवा. जहाजांची मॉडेल्स, खाणीचा विभाग, कालची ती गुलाबी भांडी, लाउरींची चित्रं, आणि मागे काचेचं विंटर गार्डन, आत मोठमोठी उष्ण प्रदेशातली झाडं, बाहेर गारठा असेल तर आत शिरल्यावर चष्म्यावर वाफ धरते. जुनं विंटर गार्डन युद्धात बॉम्बने गेलं, हे २००१चं.

पार्कमध्ये उंचवट्यावर एक पुतळा आहे, मराठी माणसाने तिथे जरूर जावं. हेन्री हॅवलॉक. जन्म इथलाच, १७९५चा, जहाज बांधणाऱ्याचा मुलगा. जुलै १८५७मध्ये नानासाहेब पेशव्यांच्या फौजेला हरवून कानपूर घेणारा तो हाच, त्याच वर्षी नोव्हेंबरात लखनऊला आजाराने मेला. अंदमानातल्या ज्या बेटाला त्याचं नाव होतं ते २०१८मध्ये स्वराज द्वीप झालं. आपण लहानपणापासून ही गोष्ट दुसऱ्या बाजूने ऐकलेली असते, आणि इथे मुलं त्याच्या पायाशी सँडविच खात बसलेली असतात. मी तिथे बराच वेळ उभा होतो, काय वाटलं ते अजून नीट सांगता येत नाही.

त्याच पार्कमध्ये खाली काचेच्या आवरणात एक संगमरवरी शिल्प आहे, मेलेलं मूल मांडीवर घेतलेली आई. १६ जून १८८३ला शेजारच्या व्हिक्टोरिया हॉलमध्ये मुलांसाठी जादूचा खेळ होता. शेवटी बक्षिसं वाटणार म्हणून जाहीर झालं आणि वर गॅलरीत बसलेली शेकडो मुलं आपल्याला मिळणार नाही या भीतीने जिन्यावरून खाली धावली. खालचा दरवाजा आतल्या बाजूला उघडणारा होता आणि खिटी अशी लावलेली की एका वेळी एकच मूल बाहेर पडेल. १८३ मुलं चेंगरून गेली, वय तीन ते चौदा. त्यानंतर सार्वजनिक इमारतींचे दरवाजे बाहेर उघडले पाहिजेत यासाठी कायदा झाला, आणि आज थिएटरात, शाळेत आडवी दांडी ढकलली की उघडणारं जे इमर्जन्सी दार असतं त्याची कल्पनाही याच दुर्घटनेतून पुढे आली. मुलं बरोबर असतील तर त्यांना सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. पण तुम्ही तिथे थांबा.

मग कील स्क्वेअरवरून नदीच्या कड्यावर जा, जमिनीत इथे बांधलेल्या जहाजांची नावं कोरलीयेत. समोर नवीन सिटी हॉल आणि ऑफिसं उभी आहेत ती जागा वॉक्स ब्रुअरीची, ती १९९९ला बंद पडली. आता शहराचा मोठा आधार म्हणजे निसान, १९८६पासून गाड्या बनवतंय, पण तो कारखाना शहराबाहेर वॉशिंग्टनच्या बाजूला आहे आणि हायवेवरून नुसत्या लांबलचक शेड दिसतात, मुद्दाम जाण्यात अर्थ नाही.

दुपारसाठी दोन पर्याय. दोन्ही एका दिवसात कोंबू नका.

पहिला, सीहॅमला जाऊन समुद्रातली काच वेचणं. सीहॅम शहर वेगळं, पण संडरलंडहून ट्रेनने दहा मिनिटांच्या आत, पुढचंच स्टेशन. तिथे जॉन कँडलिशचा बाटल्यांचा मोठा कारखाना होता, १८५३ ते १९२१, आणि उरलेली टाकाऊ काच सरळ समुद्रात लोटायचे. शंभर वर्षं लाटांनी घासून ती काच गोल गोट्यांसारखी होऊन किनाऱ्यावर येते. जायच्या आधी भरती-ओहोटीची वेळ बघा, ओहोटी लागल्यावर पोचायचं. मी पहिल्यांदा वेळ न बघता गेलो आणि भरतीचं पाणी पार वरपर्यंत आलेलं, दीड तास थांबून हात हलवत परत आलो. आदल्या दिवशी वादळ झालं असेल तर सगळ्यात चांगलं. उभ्याने सापडत नाही, गुडघ्यावर बसा, बारीक खडीचा पट्टा जिथे असतो तिथे बोटांनी वरचा थर बाजूला करा. पांढरी आणि हिरवी भरपूर मिळते, निळी कमी, आणि दोन-तीन रंगांचे थर असलेला तुकडा मिळाला तर नशीब, दिवसअखेर भट्टीत उरलेले रंग एकत्र झालेले असायचे ते हे. ओली असताना काच चकाकते म्हणून लगेच दिसते, वाळली की दुधाळ, खडबडीत होते आणि दगडात हरवून जाते, त्यामुळे पाणी नुकतंच मागे गेलेल्या भागात शोधा. मूठभर घ्या, पिशव्या भरू नका. कड्याच्या अगदी खाली बसू नका, माती ढासळते. परत येताना वर रस्त्यालगत टॉमी नावाचा पहिल्या महायुद्धातल्या सैनिकाचा गंजलेल्या स्टीलचा मोठा पुतळा आहे, खाली मान घालून बसलेला.

दुसरा पर्याय पेन्शॉ मॉन्युमेंट. पार्क लेनच्या बस स्टेशनवरून बस मिळते. टेकडीवर एक ग्रीक देऊळ, १८४४चं, अर्ल ऑफ डरहॅम जॉन लॅम्बटनच्या स्मरणार्थ, १८ खांब, वर छप्पर नाही, आत काही नाही, दगड धुरानं काळे पडलेले. खाली हेरिंग्टन पार्क आहे त्या जागी पूर्वी खाणीच्या राडारोड्याचे ढीग होते. चढ दहा-पंधरा मिनिटांचा पण वर वारा भयंकर, छत्री उलटी होते, टोपीवालं विंडप्रूफ जॅकेटच हवं, जुलैमध्येसुद्धा. लॅम्बटनच्या अजगरासारख्या किड्याची दंतकथा याच भागातली, त्याने टेकडीला वेटोळे घातले होते म्हणे, पबमध्ये विचारलंत तर गाणं म्हणून दाखवतील. एका खांबाच्या आत जिना आहे, उन्हाळ्यात काही दिवस नॅशनल ट्रस्ट, म्हणजे जुन्या वास्तू सांभाळणारी संस्था, वर सोडते, बुकिंग लागतं.

हवा स्वच्छ असेल तर वरून पूर्वेला समुद्र, मधे स्टेडियम आणि पश्चिमेला डरहॅमच्या टेकड्या दिसतात. पण समुद्रावरून फ्रेट, म्हणजे धुकं आलं, तर दहा मिनिटांत समोरचा खांबही दिसेनासा होतो, तसं झालं तर सरळ खाली उतरा. शेवटची बस किती वाजता आहे ते चढायच्या आधी स्टॉपवर बघून घ्या, रविवारी ती लवकर असते.